वाटीभर पिठाचं वजन किती?

‘1 कप म्हणजे 250 ग्रॅम’ असं ठामपणे सांगणारे तक्ते मोबाइलवर सतत फिरत असतात. मैदा, साखर, दूध, तेल, सगळ्यांना एकच हिशेब. हा हिशेब फक्त पाण्याला लागू पडतो, तोही कप 250 मिलीचा असला तरच. अमेरिकेतला कप साधारण 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा आणि जपानमधला 200 चा.

द्रव पदार्थांचं गणित तसं सोपं आहे. तेलाच्या पिशवीवर ‘1 लिटर’ आणि शेजारीच ‘910 ग्रॅम’ असं छापलेलं असतं, कारण तेल पाण्याहून हलकं. दूध किंचित जड, मध जवळजवळ दीडपट जड. पण एकाच तापमानाला द्रवाची घनता ठरलेली असते, वाटी कशीही भरा. चूक होते ती पातळी वाचताना. 8 सेंमी व्यासाच्या वाटीत पातळी 1 मिमीने चुकली, तर 5 मिली, म्हणजे एक चहाचा चमचा इकडचा तिकडे होतो.

खरी गंमत कोरड्या जिन्नसांत आहे. वाटीभर साखरेत जवळपास निम्मी हवाच असते. सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त किती दाटीने रचता येतील, याचं उत्तर खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये मांडलं: सुमारे 74 टक्के जागा भरते. ते सिद्ध व्हायला 1998 उजाडलं. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीने ते केलं. नुसते ओतलेले गोळे इतके नीट बसत नाहीत. हलवून, ठोकूनही ते 64 टक्क्यांच्या आसपास अडतात. आणि भांडं पुरेसं मोठं असेल, तर गोळा गोटीएवढा आहे की मोहरीएवढा, याने या आकड्यात फरक पडत नाही.

मग वाटीभर साखर आणि वाटीभर पिठीसाखर यांचं वजन सारखं भरायला हवं. तसं होत नाही. 240 मिलीच्या कपात दाणेदार साखर 200 ग्रॅमच्या आसपास मावते, पिठीसाखर जेमतेम 120. साखरेच्या स्फटिकाची घनता घन सेंटिमीटरला 1.59 ग्रॅम असते. भागाकार केला तर दाणेदार साखर कपाची 52 टक्के जागा व्यापते, पिठीसाखर फक्त 31 टक्के. पदार्थ तोच, मग ही जास्तीची हवा आली कुठून?

उत्तर कणांच्या चिकटण्यात आहे. जवळ आलेल्या कणांमध्ये व्हान डर वाल्स प्रकारचं, म्हणजे रेणूरेणूंमधलं, क्षीण आकर्षण असतं. ते ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलतं. वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून व्यास दहापट कमी झाला की आकर्षण दहापट घटतं, वजन हजारपट, आणि वजनाच्या तुलनेत चिकटपणा शंभरपट वाढतो. अर्ध्या मिलिमीटरचा साखरेचा दाणा वजनामुळे घरंगळत खालच्या फटीत जाऊन बसतो. पिठाचा कण पहिल्याच शेजाऱ्याला चिकटून तिथेच थांबतो. अशा कणांच्या कमानी तयार होतात आणि त्यांच्याखाली पोकळ्या राहतात. साखरेची वाटी ओट्यावर आपटा, पातळी थोडीशीच हलते. नुकत्याच चाळलेल्या मैद्याची आपटा, कमानी कोसळतात आणि मैदा डोळ्यांदेखत खाली बसतो. त्यामुळेच चाळून हलकेच भरलेला कपभर मैदा 120 ग्रॅमच्या आत-बाहेर असतो, तर डब्यात कप खुपसून भरलेला 140-150 पर्यंत जातो.

धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची आपली रीत गोड आहे. पण मोजल्याने बरकत जाते, या समजुतीला काहीही आधार नाही. पायलीत धान्य कमी-जास्त भरतं, कारण माप कधी हलवून भरलेलं असतं, कधी न हलवता. कधी हात फिरवून सपाट केलेलं, कधी शीग ठेवलेलं.

भातासाठी वाटी उत्तम. तांदळाचे दाणे मोठे असल्याने दर खेपेला जवळपास सारखेच बसतात. नानकटाई किंवा केक करताना मात्र मैद्यातला 25-30 ग्रॅमचा फरक सगळी घडण बिघडवतो, तिथे वजनकाटाच हवा. तो नसेल, तर पीठ आधी चाळा, चमच्याने वाटीत सोडा आणि सुरीच्या पाठीने सपाट करा. वाटी आपटू नका.