असिंक्रोनस मेसेज (आयस्कझी)

असिंक्रोनस मेसेज : आयस्कझी या साठवण-प्रोटोकॉलमध्ये टार्गेटने (डिस्क पुरवणाऱ्या यंत्राने) इनिशिएटरला (ती वापरणाऱ्या सर्व्हरला) न विचारता, आपणहून दिलेली वर्दी. तिची व्याख्या एप्रिल २००४ च्या आरएफसी (इंटरनेट मानकांचा क्रमांकित दस्तऐवज) ३७२० मध्ये आली. ऑक्टोबर २००७ च्या आरएफसी ५०४८ ने तीत भर घातली आणि एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७१४३ मध्ये हे सारे एकत्र झाले.

‘आपणहून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्कझीमध्ये (डिस्कला आदेश देण्याची मूळ पद्धत; आयस्कझी तिचेच आदेश नेटवर्कवरून नेते) बोलायला सुरुवात इनिशिएटर करतो. टार्गेट फक्त उत्तर देते. दोन आदेशांच्या मधल्या काळात लूनचा (टार्गेटने पुरवलेल्या तार्किक डिस्कचा) आकार वाढला किंवा नवी लून जोडली गेली, तर टार्गेट ते ध्यानात ठेवते. पुढचा आदेश आला की बहुतेक वेळा तो न पाळता ‘चेक कंडिशन’ (‘काहीतरी वेगळे घडले आहे’ असे उत्तर) परत पाठवते आणि सोबत ‘युनिट अटेन्शन’ (स्थिती बदलल्याची सूचना) लावते. आकार बदलल्याची खूण २ए/०९, लूनची यादी बदलल्याची ३एफ/०ई. आदेशच आला नाही, तर बातमी टार्गेटपाशीच पडून राहते.

असिंक्रोनस मेसेजला ही वाट पाहावी लागत नाही. त्याचे शीर्ष इतर पीडीयूंसारखेच (आयस्कझीच्या निरोपांच्या पाकिटांसारखेच) ४८ बाइटचे. तो कोणत्याही आदेशाचे उत्तर नसल्याने टास्क टॅगच्या (आदेशाच्या ओळखक्रमांकाच्या) जागी सगळे बिट १ असतात. मात्र त्याला इतर उत्तरांच्याच रांगेतला स्टेटस क्रमांक मिळतो, आणि ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे : वर्दी वाटेत गळाली तर क्रमांकांत खंड पडलेला इनिशिएटरला दिसतो.

घटना कोणती, हे एका बाइटच्या संकेतांकावरून कळते. ० म्हणजे स्कझीची घटना. तिचा तपशील सेन्स डेटात (काय घडले ते सांगणाऱ्या स्कझीच्या माहितीत) येतो. ही सोय असल्याचे टार्गेटने इन्क्वायरीच्या (‘तू कोण, तुला काय येते’ असे विचारणाऱ्या आदेशाच्या) उत्तरात आधी जाहीर केलेले असावे लागते. व्यवहारात युनिट अटेन्शनवरच अधिक भिस्त असते. ४ म्हणजे कनेक्शनच्या अटी पुन्हा ठरवण्याची मागणी, ५ म्हणजे एखाद्या लूनवरची सगळी चालू कामे रद्द होत असल्याची सूचना (ही २००७ ची भर), आणि २५५ उत्पादकांसाठी राखीव.

खरे मोल १, २ आणि ३ यांचे आहे. १ मध्ये टार्गेट लॉगआउट करण्याची विनंती करते आणि त्यासाठी किती सेकंद आहेत तेही सांगते. नाव विनंतीचे असले तरी ती पाळणे इनिशिएटरवर बंधनकारक आहे. उत्तरादाखल वेगळा निरोप नसतो. मुदतीत केलेले लॉगआउट हेच उत्तर. मुदत टळली तर टार्गेट कनेक्शन तोडू शकते. २ मध्ये एक कनेक्शन आणि ३ मध्ये सेशनची (इनिशिएटर आणि टार्गेट यांच्यातल्या एकूण जोडणीची) सगळी कनेक्शने तुटणार असल्याचे कळते. सोबत दोन काळ येतात : पुन्हा जोडण्यापूर्वी किमान किती थांबावे, आणि अर्धवट कामे टार्गेट त्यानंतर किती काळ सांभाळून ठेवील. स्टोरेज कंट्रोलर देखभालीसाठी खाली घेताना या सेकंदांचा मोठा आधार असतो : सर्व्हरला हातातले लेखन संपवून दुसऱ्या मार्गावर जाता येते.

वीजच गेली किंवा केबल निघाली, तर वर्दी द्यायला टार्गेट उरत नाही किंवा तिला वाट उरत नाही. म्हणून नॉप पिंग (समोरचा अजून उत्तर देतो का हे पाहणारा रिकामा निरोप) लागतेच. लिनक्सवरील ओपन-आयस्कझी या इनिशिएटर सॉफ्टवेअरमध्ये ती मुळात दर ५ सेकंदांनी जाते आणि उत्तरासाठी आणखी ५ सेकंद थांबते.

एनव्हीएमई या दुसऱ्या साठवण-प्रोटोकॉलने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तिथे कंट्रोलरला (टार्गेटच्या जागी असलेल्याला) आपणहून बोलता येत नाही. होस्ट (डिस्क वापरणारा संगणक) ‘असिंक्रोनस इव्हेंट रिक्वेस्ट’ हा आदेश आधीच देऊन ठेवतो. त्याला मुदत नसते आणि घटना घडली की तो पूर्ण होतो. होस्ट संबंधित लॉग पेज (घटनेची नोंद) वाचेपर्यंत सहसा त्याच प्रकारची पुढची घटना कळवली जात नाही. आदेश–उत्तराची चौकट त्यामुळे अभंग राहते, पण होस्टला दर वेळी नवी रिक्वेस्ट भरून ठेवावी लागते.