जामीन मंजूर, कैदी आतच

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं बाहेरच्यांना वाटतं. कोर्टाच्या आवारात ज्यांना रोज उभं राहावं लागतं त्यांना पुढचं माहीत असतं. जामीनदार शोधायचा, त्याचं रेशनकार्ड आणायचं, पत्त्याची पडताळणी करून घ्यायची, तहसीलदाराकडून सॉल्व्हन्सीचा, म्हणजे तेवढी ऐपत असल्याचा, दाखला मिळवायचा. ज्याच्या घरी कुणाच्याच नावावर जमीन, घर किंवा पक्की नोकरी नाही, त्याला हे कागद कोण देणार? म्हणून आदेश हातात असूनही माणसं तुरुंगातच राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि जागा होती 4,36,266 जणांची. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. त्यांतल्या अनेकांना जामीन मिळालेलाच नव्हता, हे खरं. पण मिळालेला जामीन वापरता न येणं हा अन्याय वेगळा आहे, आणि तो जुना आहे.

1971 साली गुजरातमध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालच्या कायदेविषयक मदत समितीचा अहवाल आला. आपली जामीनपद्धत गरिबाच्या विरोधात झुकलेली आहे, असं तिने तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. 1978 मध्ये मोतीराम खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याला याच न्यायालयाने जामीन दिला होता. खालच्या मॅजिस्ट्रेटने मात्र दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहायला तयार असताना तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली आहेत म्हणून त्याला नाकारलं. न्या. कृष्णा अय्यर यांनी ही अट मोडून काढली आणि गवंड्याला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हजार रुपयांच्या मुचलक्यावर (लेखी हमीवर) सोडायला सांगितलं. वसई-भिवंडीत काम करणाऱ्या बिहारी किंवा ओडिया मजुरासाठी स्थानिक जामीनदार मागितला जातो, तेव्हा मला हाच खटला आठवतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी बिहार गाजला. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी (नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख) यांनी बिहारचे तुरुंग पाहिले आणि जानेवारी 1979 मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये त्यावर लिहिलं. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ माणसं नुसती खटल्याची वाट पाहत आत होती. त्या लेखांच्या आधारे ॲड. कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम 21 मधला, जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे, हे त्यातून ठरलं, आणि हजारो जणांची सुटका झाली. तोवर सर्वोच्च न्यायालयात आलेल्या भगवतींनी या निकालात आणखीही एक गोष्ट मांडली होती. आरोपी पळून जाईल की नाही हे पैशांवरून ठरवू नका. त्याचं घर, कुटुंब, काम, गावाशी असलेलं नातं बघा आणि जातमुचलक्यावर सोडा. न्यूयॉर्कमध्ये 1961 पासून झालेल्या अशाच प्रयोगाचा त्यांनी दाखला दिला होता. निकालाचा हा भाग कोर्टांच्या रोजच्या सवयीत उतरला नाही. माझ्या मते गाडी अडली ती इथेच.

कायदा बदलला तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2005 च्या दुरुस्तीने. ती 2006 मध्ये अमलात आली. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं मानायचं आणि मुचलक्यावर सोडायचं, हे तिने लिहून ठेवलं. नवं कलम 436-अ आलं: जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर सुटका, फाशीचे गुन्हे वगळून. 1 जुलै 2024 पासून ही संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्या कलमाची जागा तिच्या कलम 479 ने घेतली. याआधी कधीही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आली आणि कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत जुन्या खटल्यांनाही लागू केली. पण याच कलमात एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्याला वगळलं आहे. पोलीस एकाच प्रकरणात किती सहजपणे दोन-तीन कलमं लावतात हे ज्याने पाहिलंय, त्याला या एका वाक्याचं वजन कळेल.

26 नोव्हेंबर 2022 च्या संविधान दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून तुरुंगातल्या गरीब माणसांबद्दल बोलल्या. त्यानंतर हालचाल झाली. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचवा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा 40,000 रुपयांपर्यंत, आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षा झालेल्या बंद्यासाठी 25,000 पर्यंत. निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीचा. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग अशा कायद्यांखालचे आरोपी तिच्या बाहेर.

ही योजना चांगलीच आहे, तिचा पैसा माणसापर्यंत पोचला पाहिजे. तरी तिने जामिनाची किंमत कुणी भरायची एवढंच बदललं. ती किंमत मागायचीच का, हा 1971 च्या समितीचा प्रश्न जिल्हा न्यायालयांत अजून तसाच पडून आहे.