कुलूप होतं, जास्तीची किल्ली राहिली

फोन सरकारी होता. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या आरोग्य खात्याने एका कर्मचाऱ्याला कामासाठी दिलेला आयफोन ५सी. २ डिसेंबर २०१५ रोजी त्याने बायकोच्या साथीने गोळीबार करून १४ जणांचे जीव घेतले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते दोघेही मारले गेले. स्वतःचे फोन त्यांनी आधीच फोडून टाकले होते. उरला हा एक. मालक काउंटी, तिची परवानगीही होती, तरी एफबीआयला फोन उघडेना.

चार आकडी पासकोड म्हटला तर शक्यता १०,०००. मग मेमरी काढून मोठ्या संगणकाला का नाही जोडली? कारण पासकोड ही अर्धीच किल्ली. उरलेली अर्धी म्हणजे कारखान्यातच प्रोसेसरमध्ये पक्का बसवलेला २५६ बिटांचा आकडा. तो बाहेर वाचता येत नाही, अ‍ॅपलकडेही त्याची नोंद नसते. दोन्ही अर्ध्या जुळल्या की मजकूर उलगडतो, म्हणून प्रत्येक प्रयत्न त्याच फोनवर करावा लागतो. एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत, अशी मुद्दामच केलेली रचना. तरी चार आकडे पाव तासाच्या आत हाती लागतात. सहा आकड्यांना जेमतेम एक दिवस. (जन्मतारीख ठेवणाऱ्यांना तेवढाही नाही.) खरी धास्ती होती ती दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकणाऱ्या सोयीची. ती काढणारं सॉफ्टवेअर लिहून द्या, असा आदेश न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी अ‍ॅपलला दिला. अ‍ॅपलने नकार दिला.

मला बोचते ती वेगळीच गोष्ट. कार्यालयाचे फोन दुरून सांभाळणारी एमडीएम नावाची प्रणाली असते. ती फोनवर असती तर कचेरीत बसून पासकोड रद्द करता आला असता. काउंटीने ती विकतही घेतली होती, फोनमागे महिना ४ डॉलर. या फोनवर टाकायचीच राहिली! त्यात भर म्हणजे एफबीआयच्या सांगण्यावरून काउंटीने आयक्लाउडचा, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीचा, पासवर्ड बदलला, आणि ओळखीच्या वायफायवर फोन आपोआप बॅकअप घेईल ही आशाही संपली.

२८ मार्चला एफबीआयने न्यायालयाला कळवलं, फोन उघडला, अ‍ॅपलची मदत नको. उघडून देणारा तिसराच कोणी होता. ५एस आणि पुढच्या फोनांवर ही युक्ती चालत नाही, असं एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनीच नंतर सांगितलं. त्या फोनांत किल्ल्या सांभाळायला प्रोसेसरच्या आतच वेगळा कप्पा आहे.