डायनॅमिक रॅम

डायनॅमिक रॅम (डीरॅम) : संगणक चालू असताना प्रोसेसरला लागणारी माहिती आणि सूचना तात्पुरत्या ठेवणारी अर्धवाहक स्मृती. दुकानात आपण ‘८ जीबी रॅम’ मागतो ती हीच. हिच्यातला प्रत्येक बिट, म्हणजे एक ० किंवा १, एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहतो आणि तो भार सतत गळत असतो. सेकंदाला अनेकदा तो पुन्हा भरावा लागतो. नावातला ‘डायनॅमिक’ हा शब्द वेगाबद्दल नाही, या गळतीबद्दल आहे. प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमध्ये, म्हणजे लगेच लागणाऱ्या माहितीच्या छोट्या साठ्यात, असते ती स्टॅटिक रॅम गळत नाही, पण तिच्या एका बिटाला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. डीरॅमचे काम एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत भागते. स्वस्ताई आणि दुखणी, दोन्हींचे मूळ तिथेच.

कार्य : कपॅसिटरला टाकी समजले तर ट्रान्झिस्टर ही तिची तोटी. टाकीची धारकता साधारण १० फेम्टोफॅरड. १ व्होल्टला तिच्यात सुमारे ६०,००० इलेक्ट्रॉन मावतात. टाकी आणि तोटी मिळून एक पेशी. अशा पेशी आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत मांडलेल्या असतात. वाचायच्या आधी स्तंभाची तार, म्हणजे बिट लाइन, अर्ध्या व्होल्टेजवर आणून सोडतात. मग ओळीची तोटी उघडली की पेशीतला भार त्या तारेवर पसरतो. तारेची धारकता पेशीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे व्होल्टेज जेमतेम काही डझन मिलिव्होल्टनी वर किंवा खाली सरकते. सेन्स ॲम्प्लिफायर तेवढा कल हेरून तारेला पूर्ण १ किंवा पूर्ण ० पर्यंत ओढतो.

या खटपटीत पेशी रिकामी झालेली असते. तोटी अजून उघडीच असल्याने ॲम्प्लिफायरने ओढलेले व्होल्टेज पेशीत परत भरते. म्हणजे वाचणे हे दर वेळी पुसून पुन्हा लिहिणेच असते. शिवाय एकट्या पेशीची तोटी उघडता येत नाही, आख्खी ओळ उघडावी लागते. डीडीआर-४ ही डीरॅमची एक पिढी. तिच्या नेहमीच्या मॉड्युलवर, म्हणजे स्लॉटात बसणाऱ्या रॅमच्या कार्डावर, ८ चिपा मिळून ही ओळ ८ किलोबाइटची होते, प्रोसेसरला त्यातले ६४ बाइटच हवे असले तरी.

कोणी काही वाचत नसले तरी ठरावीक वेळात प्रत्येक ओळ अशी उघडून मिटावीच लागते. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर-४ मध्ये ही मुदत ६४ मिलिसेकंद. तेवढ्यात ८,१९२ रिफ्रेश आज्ञा, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. उष्णतेने गळती वाढते, म्हणून चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की मुदत निम्मी होते. उलट, थंडीत गळती मंदावते. वीज तोडल्यावरही गोठवलेल्या रॅममधून कूटकळा (माहिती कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शन की) वाचता येतात, हे २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले.

इतिहास : डीरॅमच्या आधी मुख्य स्मृती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची असे. तारांच्या जाळीत ओवलेले एक कडे म्हणजे एक बिट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकात अशी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची स्मृती होती, म्हणजे आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. कडेही वाचताना पुसले जाई आणि परत लिहावे लागे, पण ते गळत नसे.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर या पेशीचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. इंटेलची १,०२४ बिटांची ११०३ ही चिप १९७० मध्ये बाजारात आली आणि कड्यांचा काळ संपत गेला. गंमत अशी, की ११०३ मध्ये पेशीला तीन ट्रान्झिस्टर होते.

वेग : डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट लागतात. दर पिढीत वाहतूक वाढली. ३२०० च्या (सेकंदाला ३,२०० दशलक्ष हस्तांतरणे करणाऱ्या) डीडीआर-४ ची एक वाहिनी, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांमधला एक मार्ग, सेकंदाला २५.६ गिगाबाइट नेते. पण पहिला बाइट हाती यायचा विलंब फारसा हलला नाही. सीएल म्हणजे वाचायची आज्ञा दिल्यापासून माहिती येईपर्यंतची घड्याळाची आवर्तने. सीएल ११ ची डीडीआर-३ १६०० आणि सीएल २२ ची डीडीआर-४ ३२००, दोन्हींचा विलंब १३.७५ नॅनोसेकंदच. विकत घेताना नुसता मोठा आकडा पाहणारे इथे फसतात. सीएलला २,००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागावे, विलंब नॅनोसेकंदांत मिळतो.

बसवणे आणि बिघाड : आधी संगणक बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी. अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. मॉड्युल कडांनी धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना डेस्कटॉपमध्ये २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नये, प्रकार तपासावा. खाच जुळली की दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा, खटका पडला पाहिजे. चार स्लॉटांत दोनच मॉड्युल लावायची असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट घ्यावा. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटात लावली तर दोन्ही एकाच वाहिनीवर येतात आणि निम्मी रुंदी वाया जाते. वेगवेगळ्या वेगांची मॉड्युल एकत्र लावली तर सगळी हळूच्या चालीने चालतात.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळा, किंवा बीप वाजत राहते. अशा वेळी दुरुस्तीवाला पहिल्यांदा रॅम काढून पट्ट्या खोडरबराने पुसतो. बऱ्याचदा संगणक सुरू होतो, कारण धूळ, दमटपणा आणि हाताचा तेलकटपणा पट्ट्यांवर थर धरतात. पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. मऊ पांढरे खोडरबर हलक्या हाताने एकदा ठीक, शाईचे खरखरीत नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड त्याहून बरे. डीडीआर-५ पहिल्यांदा लावल्यावर संगणक तारांच्या वेळा जुळवत काही मिनिटे काळा पडून राहतो. तिथे घाईने बटण दाबणारे चांगली रॅम परत करून येतात.

मधूनच निळा स्क्रीन येणे, कॉपी केलेली झिप फाइल न उघडणे ही पेशी खराब झाल्याची लक्षणे असू शकतात. एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर आधी ते बंद करावे. मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या किमान चार फेऱ्या, एका वेळी एकच मॉड्युल ठेवून. एक जरी चूक निघाली तरी मॉड्युल बाद.

काही चुका मात्र मॉड्युल धडधाकट असतानाही होतात. वैश्विक किरणांमुळे एखादा बिट उलटतो, म्हणून सर्व्हरच्या डीडीआर-४ रॅममध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करतात. २०१४ मध्ये रोहॅमर हा दोष प्रसिद्ध झाला : एकच ओळ हजारो वेळा उघडमीट केली की शेजारच्या ओळींतला भार गळून बिट उलटतात.

पुढील वाट : पेशी लहान झाली तरी कपॅसिटरला पुरेसा भार धरावाच लागतो, म्हणून तो खोल नळीसारखा उंच होत गेला आहे. आता उंचीलाही मर्यादा आल्याने पेशी थरांवर थर रचण्याचे प्रयोग चालू आहेत. तयार चिपा एकमेकींवर रचून हजारो तारांनी जोडलेली एचबीएम (हाय बँडविड्थ मेमरी) कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोसेसरांना लागून बसते. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असण्याचे प्रमाण वाढले आहे, कारण तारा आखूड ठेवल्या की कमी विजेत जास्त वेग मिळतो. अशी रॅम वाढवता येत नाही. त्यावर तोड म्हणून आलेले कॅम-२ हे मॉड्युल बोर्डाला आडवे टेकवून स्क्रूने घट्ट करतात.