पार्श्वभूमी: जपानी गोंदणकाम आणि डॉक्टरकीचा परवाना

पारंपरिक जपानी गोंदणात फूल सहसा एकटं येत नाही. सिंहासोबत पिओनी (भरगच्च पाकळ्यांचं मोठं फूल), कोई माशासोबत मेपलची पानं, अशा जोड्या ठरलेल्या. जुन्या वळणाचा कारागीर ऋतूही सांभाळतो. चेरीच्या बहराशेजारी शरदातलं पान त्याला खटकतं. ही शिस्त एदो काळातल्या (1603 ते 1868) लाकडी ठशांच्या चित्रांशी जोडलेली आहे. 1827 च्या सुमारास एका चिनी कादंबरीतल्या बंडखोरांची चित्रमालिका गाजली आणि तिच्यातल्या नायकांसारखी नक्षी आग विझवणारे, पालखी वाहणारे आपल्या अंगावर काढून घेऊ लागले. गुन्हेगाराच्या हातावर किंवा कपाळावर खूण गोंदण्याची शिक्षा 1720 पासून होतीच. तिची बदनामी या नक्षीलाही चिकटली.

1872 मध्ये मेइजी सम्राटाच्या काळातल्या नव्या सरकारने गोंदणावर बंदी घातली. पाश्चात्त्यांना आपण रानटी वाटू नये, ही त्यामागची धास्ती. आणि 1881 मध्ये ब्रिटनचाच एक राजपुत्र जपानला येऊन हातावर ड्रॅगन गोंदवून गेला! बंदी उठली ती 1948 मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परकीय सैन्याच्या अमलात. तोवर हे काम लपूनछपून चाललं. पुढे ते गुंडांच्या टोळ्यांशी जोडलं गेलं ते आजतागायत.

खरा पेच मात्र त्यानंतरचा, आणि तो पोलिसांच्या नव्हे तर आरोग्य खात्याच्या कागदावरून सुरू झाला. सुईच्या टोकाला रंग लावून तो त्वचेत घालणं हे वैद्यकीय कृत्य आहे, ते डॉक्टरनेच करावं, असं 2001 च्या एका परिपत्रकात म्हटलं होतं. परिपत्रकाचा रोख होता ब्यूटी पार्लरकडे: लेझरने केस काढणं, भुवया रंगवणं, रसायनाने त्वचा सोलणं. पाठभर पिओनी काढणारा कारागीर ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावा, असं मजकुरावरून वाटत नाही.

तरीही 2015 मध्ये ओसाकाकडच्या एका गोंदणकाराला याच आधारावर 3 लाख येनचा दंड झाला. इतरांसारखा दंड गुपचूप भरून मोकळा न होता तो कोर्टात गेला. 2017 मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याला दोषीच ठरवलं, फक्त दंड निम्म्यावर आणला. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं आणि सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. सुईने संसर्ग होऊ शकतो, हे कोणीच नाकारलं नव्हतं. पण केवळ धोका आहे म्हणून एखादी गोष्ट उपचार ठरत नाही. गोंदणाला लागतं ते कलेचं कौशल्य, आणि डॉक्टर नसलेलेच लोक ते पूर्वापार करत आले आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारी बाजू टिकली असती, तर सहा वर्षं वैद्यक शिकल्याशिवाय कोणाला चेरीचं फूल गोंदता आलं नसतं. म्हणजे 1872 ची बंदीच, निराळ्या कागदावर.

निकालाने परवान्याचा प्रश्न सुटला, सार्वजनिक स्नानगृहांचा नाही. तिथली 'गोंदण असल्यास प्रवेश नाही' ही पाटी मालकाच्या मर्जीची. 2013 मध्ये होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या अशाच एका ठिकाणी हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी) पाहुणीला परत पाठवलं गेलं. आता काही ठिकाणी लहान गोंदणावर चिकटपट्टी लावून आत सोडतात. पाठभर पिओनी असलेल्याला त्याचा उपयोग नाही.