पेशीविभाजनाचा शेवटचा टप्पा आणि मिडबॉडीतला आरएनए: पार्श्वभूमी

दोन जन्यपेशींना जोडणाऱ्या चिंचोळ्या पुलाच्या मधोमध असलेली मिडबॉडी १८९१ मध्ये एका जर्मन शरीरशास्त्रज्ञाने नोंदवली. त्यानंतर कितीतरी दशके ती विभाजनातला टाकाऊ अवशेषच मानली गेली. २००४ मध्ये हॅमस्टरच्या पेशींतून ती वेगळी काढून तिच्यातल्या प्रथिनांची लांबलचक यादी झाली आणि तिचा भाव वधारला. तरीही लक्ष प्रथिनांवरच राहिले.

२००७ पासून रूढ झालेली मांडणी अशी: मिडबॉडीत बसलेले सीईपी५५ हे प्रथिन दोन मध्यस्थ प्रथिनांना ओढते, ती एस्कॉर्ट-३ या प्रथिनसमूहाला आणतात आणि त्यातल्या सीएचएमपी४बी या प्रथिनाचे तंतू पूल आवळून तोडतात. मांडणी सुटसुटीत होती, म्हणूनच बहुधा तिच्यावर फार प्रश्न आले नाहीत. पण फळमाशीत सीईपी५५ नाहीच, आणि तिच्या पेशी बिनबोभाट विभागतात. सीईपी५५ काढून टाकलेल्या उंदरांचे शरीर बऱ्यापैकी घडते, मोठा फटका बसतो तो मेंदूला. मानवी पेशींतही ते घटवल्यावर एस्कॉर्ट-३ मिडबॉडीत पोचणे पूर्णपणे थांबत नाही. मग एस्कॉर्ट-३ तिथे येते कुठून?

प्रथिनाऐवजी त्याचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती वाहून नेणारा आरएनए, ठरावीक जागी पाठवायचा आणि प्रथिन तिथेच बनवायचे, ही युक्ती बेडकाच्या अंड्यात आणि माशीच्या भ्रूणात १९८०च्या दशकातच दिसली होती. मिडबॉडीशी तिचा संबंध जोडायला इतका उशीर का झाला? विभाजनाच्या काळात प्रथिननिर्मिती मंदावते हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि प्रथिनांच्या यादीत रायबोसोमचे, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचे, घटक दिसले की त्यांना भेसळ समजायची सवय होती.

२०२३ मध्ये दोन गटांनी मिडबॉडीत एमआरएनए असल्याचे आणि तिथे प्रथिने बनत असल्याचे दाखवले. एका गटाने सीएचएमपी४बीच्या एमआरएनएला मिडबॉडीत नेणारा ‘पत्ता’ त्याच्या शेपटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात असल्याचे शोधले. हा भाग नसेल तर एमआरएनए मिडबॉडीत पोचत नाही आणि विभाजन नीट पूर्ण होत नाही. औषधाने सगळ्या पेशीतली प्रथिननिर्मिती रोखण्यापेक्षा हा पुरावा वजनदार आहे. मात्र याच भागावर एमआरएनएचे आयुष्यही अवलंबून असू शकते, हा आक्षेप रास्त आहे.

दुसऱ्या गटाचे निरीक्षण पूल तुटल्यानंतरचे आहे. सुटून बाहेर पडलेल्या मिडबॉडीतही प्रथिननिर्मिती चालू राहते, आणि असे अवशेष इतर पेशी गिळतात हे त्याआधीच माहीत होते.