मुलीला टेनिसमध्ये प्रो व्हायचंय? मग आयपिनपासून सुरुवात, बाकीचं नंतर

प्रोफेशनल टेनिसपटू व्हायचा फॉर्म कुठे मिळतो असं विचारणारे पालक असतात आणि लोक त्यांना हसतात, पण प्रश्न हसण्यासारखा नाहीये. असा एकच फॉर्म नसतो हीच तर गंमत आहे. कोणी सर्टिफिकेट देत नाही, नोंदणी करायची, वयात बसायचं, मुदतीत एन्ट्री टाकायची, पॉइंट मिळवायचे, आणि एक दिवस रँकिंगमध्ये नाव दिसतं, की झाली पोरगी प्रो.

पहिली पायरी आयपिन. आयटीएफकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनकडे, खेळाडूचा जो नंबर असतो तो हा. ऑनलाइन अकाउंट काढायचं, फी भरायची, आणि हे दरवर्षी रिन्यू करावं लागतं हे बरेच जण विसरतात. आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धांसाठी वय १३ पूर्ण पाहिजे आणि ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळता येतं. या स्पर्धा जे ३० पासून जे ५०० पर्यंत चढत जातात, वर ज्युनिअर ग्रँड स्लॅम.

फॉर्म भरताना एकच गोष्ट शंभर वेळा तपासा, पासपोर्टवर नाव, स्पेलिंग, जन्मतारीख जशी आहे तशीच आयपिनला टाका. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं असं असेल तर आधी ते निस्तरा, कारण व्हिसासाठी स्पर्धेकडून जे इन्व्हिटेशन लेटर घ्यायचं ते पण याच नावावर येणार. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकांची संमती लागते. याशिवाय मॅच फिक्सिंग आणि बेटिंगबद्दलचा एक ऑनलाइन कोर्स असतो, आयटीआयए नावाची संस्था तो घेते, तो पूर्ण करायचाच. आणि हो, टेनिसवर बेट लावायची खेळाडूला पूर्ण बंदी आहे, गंमत म्हणूनही नाही, स्वतःच्या मॅचवर नसली तरी नाही.

आता वयाचा नियम. सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. पोरगी कितीही भारी खेळत असली तरी १४ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रो स्पर्धा नाही, आणि त्यानंतरही मोकळं रान नाही. १४ व्या वर्षी ८ स्पर्धा, १५ व्या वर्षी १०, १६ ला १२, १७ ला १६, आणि १८ झाले की कितीही खेळा. चांगली कामगिरी असेल तर काही जादा स्पर्धा मिळू शकतात, पण मूळ हिशोब हा. यात लोक कुठे चुकतात तर वर्ष जानेवारीपासून मोजतात. ते वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत मोजायचं असतं, त्यामुळे वाढदिवस नोव्हेंबरमध्ये असेल तर सगळं प्लॅनिंग त्या हिशोबाने करावं लागतं, नाहीतर ऐन मोठ्या स्पर्धेच्या वेळी कोटा संपलेला.

हा नियम उगाच नाही आला. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये वयाची १४ वर्षं व्हायच्या आधीच प्रो झाली, तुफान खेळली, आणि काही वर्षांतच पार थकून खेळापासून लांब गेली. त्यानंतर १९९५ पासून ही बंधनं आली. मार्टिना हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स दोघी ऑक्टोबर १९९४ मध्ये, म्हणजे नियम लागू व्हायच्या जरा आधी, प्रो झाल्या, दोघी तेव्हा १४ वर्षांच्या! २०१९ मध्ये १५ वर्षांची कोको गॉफ विम्बल्डनमध्ये व्हीनसला हरवून चौथ्या राउंडपर्यंत गेली तेव्हा नियम बदला म्हणून परत ओरड झाली. माझं मत विचाराल तर नियम बरोबरच आहे, पालकांना स्वतःहून ब्रेक दाबता येत नाही.

एन्ट्री कशी टाकायची? सुरुवात आयटीएफच्या महिला स्पर्धांपासून, डब्ल्यू १५, मग डब्ल्यू ३५, ५०, ७५, १००. आकडा म्हणजे चॅम्पियनला मिळणारे पॉइंट, २०२४ पासून नावं अशीच आहेत. त्यावर डब्ल्यूटीए (महिला टेनिसची मुख्य प्रो संघटना) च्या स्पर्धा, १२५, २५०, ५००, १००० आणि ग्रँड स्लॅम, जिथे चॅम्पियनला २००० मिळतात. आयटीएफची एन्ट्री स्पर्धेच्या साधारण अडीच आठवडे आधी गुरुवारी बंद होते, आणि वेळ जीएमटीमध्ये दिलेली असते, आपल्या घड्याळात किती वाजतात ते बघून अलार्म लावा. रँकिंगनुसार यादी लागते, नाव खाली असेल तर क्वालिफाइंग (मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता मॅचेस) किंवा अल्टरनेट (कोणी गळलं तर जागा मिळते ती यादी). नाव मागे घ्यायचीही मुदत असते, ती चुकली की दंड किंवा पुढच्या खेळण्यावर परिणाम, म्हणून सगळीकडे नावं टाकून नंतर गप्प बसायचं हे करू नका. रँकिंग नसेल तर वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून थेट मिळणारी एन्ट्री, हा एक रस्ता, त्यासाठी तुमच्या किंवा स्पर्धा भरवणाऱ्या देशाच्या फेडरेशनकडे अर्ज करायचा. ज्युनिअरमध्ये वरच्या नंबरात असलात तर छोट्या स्पर्धांमध्ये राखीव जागाही असतात.

सिंगल्सच्या रँकिंगमध्ये नाव यायला एकतर ३ स्पर्धांमध्ये पॉइंट पाहिजेत किंवा एकूण किमान १० पॉइंट. डब्ल्यू १५ च्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पहिली राउंड जिंकली की १ पॉइंट, फायनल हरली तरी १०. म्हणजे एक चांगला आठवडाही पुरतो. पण पॉइंट ५२ आठवडेच टिकतात, पुढच्या वर्षी तेवढेच परत कमवा नाहीतर घसरण.

औषधांचं प्रकरण मात्र सगळ्यात डोकं ठेवून सांभाळायचं. कुठलाही आजार असेल आणि त्याच्या गोळीत बंदी असलेला घटक असेल तर आधी टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मागायची, त्याला डॉक्टरांचे रिपोर्ट, निदान, डोस सगळं जोडावं लागतं. मारिया शारापोव्हा मेल्डोनियम नावाचं औषध अनेक वर्षं घेत होती, ते १ जानेवारी २०१६ पासून बंदीच्या यादीत आलं, तिने अपडेट वाचलं नाही, आणि २ वर्षांची बंदी बसली जी नंतर १५ महिन्यांवर आली. तेवढ्या मोठ्या टीमसोबत हे झालं, तर आपण यादी स्वतः वाचलेली बरी. वरच्या लेव्हलला गेलात की डोप टेस्टसाठी रोज ६० मिनिटांचा एक स्लॉट कळवावा लागतो की मी तेव्हा इथे असेन, आणि १२ महिन्यांत ३ वेळा चुकलं की ते डोपिंगच्याच नियमाचं उल्लंघन.

दुखापत किंवा बाळंतपणामुळे लांब ब्रेक घेतला तर स्पेशल रँकिंगसाठी अर्ज करता येतो, म्हणजे जुन्या रँकिंगवर काही स्पर्धांमध्ये एन्ट्री. दुखापतीसाठी निदान ६ महिने बाहेर असणं गरजेचं, आणि मेडिकल कागद वेळेत द्यायचे. आई झालेल्या खेळाडूला बाळाच्या जन्मानंतर ३ वर्षांपर्यंत मुदत मिळते. पण एन्ट्री मिळाली म्हणजे सीडिंग (वरच्या खेळाडूंना दिलेला मानांकन क्रमांक, ज्यामुळे त्या सुरुवातीलाच एकमेकींसमोर येत नाहीत) मिळालं असं नाही, २०१८ मध्ये सेरेना बाळंतपणानंतर फ्रेंच ओपनला सीडिंगशिवाय खेळली, विम्बल्डनने मात्र तिला २५ वं सीडिंग दिलं. त्यावर बरीच चर्चा झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी नियम सुधारले.

आणि खेळणं सोडतानाही कागद असतोच. ॲश बार्टीने मार्च २०२२ मध्ये नंबर १ असताना, २५ व्या वर्षी रिटायरमेंट घेतली आणि स्वतःचं नाव रँकिंगमधून काढायला सांगितलं. नुसतं इन्स्टाग्रामवर जाहीर करून भागत नाही, डोपिंग टेस्टिंगवाल्यांना लेखी कळवावं लागतं. टेस्टिंगच्या यादीत असताना रिटायर झालेल्या खेळाडूचा विचार नंतर बदलला, तर परत खेळायच्या आधी ६ महिने टेस्टिंगसाठी उपलब्ध राहावं लागतं, म्हणून नुसत्या वैतागात तो मेल पाठवू नका.